जव्हार-मोखाड्याचे निसर्गदृश्य छायाचित्रण

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके निसर्गदृश्य छायाचित्रणासाठी परिचित आहेत. दऱ्या, धबधबे, पठारे, भातखाचरे आणि पाडे हे या छायाचित्रणाचे नेहमीचे विषय होत. अंकीय कॅमेरे रूढ होण्यापूर्वी रंगीत निसर्गदृश्ये पुष्कळदा पारदर्शिकांवर, म्हणजे बोलभाषेतील ‘स्लाइड’वर, टिपली जात. अशा पारदर्शिका आज स्कॅन करून जतन केल्या जातात, इतरांना दाखवल्या जातात आणि त्यांवर चर्चाही होते. स्कॅन केलेल्या निसर्गचित्रात तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: त्या जागेचा त्या वेळचा उजेड, फिल्मचा स्वभाव आणि स्कॅनरची करामत. त्या वेगळ्या ओळखता आल्या तरच चित्राची समीक्षा न्याय्य ठरते आणि भूप्रदेशाची नोंद म्हणून त्याचा उपयोग होतो.

भूप्रदेश

जव्हार आणि मोखाडा हे तालुके कोकणपट्टी व सह्याद्रीची मुख्य धार यांच्या दरम्यान आहेत. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. येथील खडक दख्खनच्या लाव्हाथरांचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हे थर एकावर एक आडवे पसरलेले असल्याने डोंगरउतारांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. नद्यांनी या थरांत खोल दऱ्या कोरल्या असून, कठीण थराच्या कडेवरून पाणी खाली कोसळते तेथे धबधबे निर्माण झाले आहेत. लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून त्याची उंची सुमारे ३०० फूट सांगितली जाते. काळमांडवी व हिरडपाडा हे धबधबेही छायाचित्रकारांना परिचित आहेत. जव्हारमधील हनुमान पॉइंट व सनसेट पॉइंट, मुकणे घराण्याचा जय विलास राजवाडा, भोपतगड, तसेच मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ व खोडाळा ही आणखी काही स्थळे होत. वैतरणा, पिंजाळ आणि वाघ या परिसरातील महत्त्वाच्या नद्या आहेत.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या पारदर्शिकांच्या चौकटींवर या परिसराचा जिल्हा ‘ठाणे’ असाच लिहिलेला आढळतो. नवी नोंद करताना मूळ मजकूर कायम ठेवून शेजारी आजचा जिल्हा लिहिणे योग्य ठरते.

येथील लोकसंख्येत वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकर आदी आदिवासी समाजांचे प्रमाण मोठे आहे. खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई व खुरासणी ही पिके घेतली जातात. म्हणजेच ज्याला पाहुणा ‘निसर्ग’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीने घडवलेला आहे. बांध, खाचरे, पायवाटा आणि राखलेली मोहाची झाडे ही त्याची उघड चिन्हे आहेत.

ऋतू आणि उजेड

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पावसाने परिसर हिरवा होतो. बहुतेक छायाचित्रे याच काळात घेतली जातात. ढगांमधून झिरपणारा उजेड मऊ असल्याने झाडीतील बारकावे चांगले टिपले जातात. मात्र ढगाळ उजेड निळसर असतो आणि ओल्या पानांवरून परावर्तित होणारी चमक हिरवा रंग फिका करते. ध्रुवण गाळणी, म्हणजे पोलरायझर, भिंगावर लावून फिरवल्यास ही चमक कमी होते. फिल्मच्या काळात निळसर झाक घालवण्यासाठी किंचित पिवळट-तांबूस रंगाची गाळणीही वापरली जाई.

सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये भात पिवळे पडू लागते आणि उतारांवर खुरासणीची पिवळी फुले दिसतात. पावसाने धुतलेल्या हवेमुळे दूरच्या डोंगररांगाही स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात पहाटे दऱ्यांत धुके साचते. हा परिसर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४७ अंशांच्या आसपास चढतो. दिवसभर सावल्या लांब राहतात आणि त्यामुळे डोंगरांच्या पायऱ्या उठून दिसतात. याउलट मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मे महिन्यात ऊन असताना दुपारी घेतलेल्या चित्रांत उतार सपाट भासतात.

मार्चपासून पानगळीची झाडे उघडी पडतात, पळस फुलतो, गवत वाळून पिवळे होते. पावसाळ्यापूर्वी रोपांसाठी जमीन भाजण्याची ‘राब’ ही पद्धत येथे आहे. त्या दिवसांत धुराचा पातळ थर हवेत राहतो. या काळात अनेक पाड्यांना पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवते. निसर्गचित्रांच्या संग्रहांत हा ऋतू फार कमी आढळतो.

पार्श्वभूमी

मुंबईत छायाचित्रणाचा संघटित छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी व छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराला रसायने आणि अंधाऱ्या खोलीची सोय बरोबर न्यावी लागे. डोंगराळ भागातील छायाचित्रणावर याचा मोठा बोजा होता.

विसाव्या शतकात मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली, तर १९५३ मध्ये भारतीय छायाचित्रण मंडळांचा महासंघ स्थापन झाला. अशा संस्थांच्या प्रदर्शनांना ‘सलॉन’ म्हणत. त्यांत कृष्णधवल प्रती, रंगीत प्रती आणि पारदर्शिका असे वेगवेगळे विभाग असत. याच सुमारास गिर्यारोहण व भटकंती करणाऱ्या मंडळांमध्ये ‘स्लाइड शो’ लोकप्रिय झाले. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर एकेक चित्र दाखवायचे आणि वक्त्याने त्याविषयी बोलायचे, हा प्रकार मुंबई, ठाणे, पुणे व नाशिक येथील श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा होता.

पारदर्शिका

साध्या फिल्मवर उलट चित्र मिळते व त्यावरून कागदावर प्रत काढावी लागते. पारदर्शिकेत कॅमेऱ्यात गेलेल्या फिल्मवरच सरळ, रंगीत चित्र उमटते. म्हणून पारदर्शिका हेच मूळ चित्र असते आणि ते एकमेव असते. ३५ मिमी फिल्मवरील चित्राचा आकार २४ × ३६ मिमी असतो. ते ५० × ५० मिमी आकाराच्या पुठ्ठ्याच्या वा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवले जाते.

लुमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही काचेवरील रंगीत पारदर्शिका १९०७ मध्ये बाजारात आली. लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडोव्स्की यांनी विकसित केलेली कोडॅक्रोम ही फिल्म १९३५ मध्ये चलच्चित्रांसाठी आणि १९३६ मध्ये ३५ मिमी स्थिरचित्रांसाठी उपलब्ध झाली. कोडॅक्रोममध्ये रंगद्रव्ये धुण्याच्या वेळी मिसळली जात, त्यामुळे ती धुण्याची प्रक्रिया किचकट होती आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होई. एक्टाक्रोमसारख्या फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच असतात. त्यांसाठीची ई-६ प्रक्रिया १९७० च्या दशकात रूढ झाली व ती लहान प्रयोगशाळांनाही जमू लागली. फुजी कंपनीची वेल्व्हिया ही फिल्म १९९० मध्ये आली. गडद व भडक रंगांमुळे ती निसर्गदृश्यांसाठी लोकप्रिय झाली. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. एक्टाक्रोमही काही वर्षे बंद होती, ती २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. पारदर्शिका दाखवणाऱ्या प्रसिद्ध कॅरोसेल प्रक्षेपकाचे उत्पादन १९६१ ते २००४ या काळात झाले.

पारदर्शिकेची मर्यादा म्हणजे उजेड-सावलीतील फरक सामावून घेण्याची तिची कमी क्षमता. साधारण पाच-सहा ‘स्टॉप’पलीकडचा फरक ती नीट दाखवू शकत नाही. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट वा निम्मा होतो. उन्हात चमकणारे धबधब्याचे पाणी आणि मागचा सावलीतील काळा कातळ यांतील फरक याहून पुष्कळ मोठा असू शकतो. अशा वेळी छायाचित्रकाराला निवड करावी लागते. पारदर्शिकेत जास्त उजेड पडलेला भाग कोरा होतो आणि तेथे काहीच उरत नाही. म्हणून उजळ भाग सांभाळून सावल्या काळ्या होऊ देण्याची पद्धत होती. निगेटिव्हच्या बाबतीत नियम नेमका उलटा, म्हणजे सावल्या सांभाळण्याचा असे.

उजेडमापकाचीही एक अडचण आहे. समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे तो गृहीत धरतो. त्यामुळे केवळ धुक्यावर वा फेसाळ पाण्यावर मापन केल्यास चित्र अंधारे येते. त्यासाठी मापकाने सुचवल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप अधिक उजेड द्यावा लागे. खात्री नसल्यास एकाच दृश्याची थोड्याथोड्या फरकाने तीन चित्रे घेतली जात. जुन्या डब्यांत एकाच दरीच्या तीन सारख्या, पण कमी-अधिक उजळ पारदर्शिका सापडतात, त्या याच कारणाने.

पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून काही सेकंदांचे उद्भासन दिल्यास आणखी एक दोष उद्भवतो. दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनक्षमता घटते आणि तिचे रंगथर एकाच प्रमाणात प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे चित्रावर रंगाची झाक येते. वेल्व्हियासारख्या फिल्मवर ती हिरवट असते. पावसाळी दृश्यातील सगळी हिरवाई डोंगराचीच असते असे नाही.

जतन

पारदर्शिकेचा चित्रथर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन हे बुरशीचे खाद्य आहे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशी वाढते. कोकणातील व घाटमाथ्यालगतच्या घरांत पावसाळ्याचे चारही महिने ही स्थिती असू शकते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वा ठिपके दिसू लागले की चित्रथर खाल्ला जाऊ लागला असे समजावे. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते. म्हणून अशी पारदर्शिका पाण्याने धुणे धोक्याचे असते. सफाईसाठी फिल्म क्लीनर वा जवळजवळ निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले जाते व आधी बिनमहत्त्वाच्या चित्रावर त्याची चाचणी घेतली जाते. खाल्ला गेलेला भाग सफाईने परत येत नाही.

दुसरा धोका रंग उडण्याचा असतो. तो फिल्मच्या प्रकारावर अवलंबून असतो. अंधारात ठेवलेली कोडॅक्रोम अनेक दशके रंग टिकवते, परंतु प्रक्षेपकाच्या प्रखर दिव्यासमोर तिचे रंग तुलनेने लवकर फिके होतात. जुन्या एक्टाक्रोमसारख्या काही फिल्ममध्ये अंधारातही निळसर-हिरवे रंगद्रव्य आधी उडते आणि चित्र तांबूस-जांभळे होते. पारदर्शिका थंड व कोरड्या जागी, ३० ते ५० टक्के आर्द्रतेत, पॉलिप्रोपिलीनच्या कप्प्यांत ठेवाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. पीव्हीसी प्लॅस्टिक टाळले जाते. घरगुती पातळीवर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवणे आणि ती वेळोवेळी तापवून कोरडी करणे उपयोगी पडते.

स्कॅनिंग

दिशा. स्कॅनिंगपूर्वी पारदर्शिकेची सुलटी बाजू ओळखणे आवश्यक असते. चित्रथराची बाजू मंद दिसते, तर फिल्मच्या आधाराची बाजू चकचकीत असते. आधाराच्या बाजूने पाहिल्यास दृश्य डावे-उजवे बरोबर दिसते. फिल्मच्या कडेवरील अक्षरे सरळ वाचता येणे ही दुसरी खूण होय. दरीच्या चित्रात पाटी वा लिखाण नसल्याने उलटे स्कॅन झालेले चित्र सहज खपून जाते, पण त्यात नदी उलट दिशेला वाहते आणि उगवतीचा उजेड मावळतीचा वाटू लागतो.

साधने. स्कॅनिंगच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली, फक्त फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर. निकॉनचे कूलस्कॅन हे यांतील नावाजलेले स्कॅनर असून आता त्यांचे उत्पादन होत नाही. दुसरी, झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर. तो स्वस्त व सोयीचा असतो, पण त्याचे प्रत्यक्ष विभेदन जाहिरातीतील आकड्यापेक्षा बरेच कमी असू शकते. तिसरी, अंकीय कॅमेरा व मॅक्रो भिंगाने, मागून एकसारखा उजेड देऊन पारदर्शिकेचे छायाचित्र घेणे. यात कॅमेरा आणि फिल्म एकमेकांना नेमके समांतर असावे लागतात, खोलीतील बाहेरचा उजेड अडवावा लागतो आणि सर्व रंग समप्रमाणात असलेला दिवा लागतो. मुद्रणव्यवसायात पूर्वी ड्रम स्कॅनर वापरले जात. त्यांची गुणवत्ता सर्वोत्तम मानली जाते.

विभेदन. ३५ मिमी पारदर्शिका ४००० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ५,६७० × ३,७८० बिंदूंचे, म्हणजे २ कोटी १४ लाख बिंदूंचे चित्र मिळते. प्रत्येक रंगासाठी १६ बिट ठेवल्यास त्याची असंपीडित फाइल सुमारे १३० मेगाबाइटची होते. ३०० डीपीआयने छापल्यास तिच्यातून जवळपास १९ × १२.५ इंचांची प्रत निघते. २४०० डीपीआयला हेच चित्र सुमारे ७७ लाख बिंदूंचे असते. ते पडद्यावर पाहण्यास पुरेसे असले तरी दूरच्या उतारावरील घरे मोजण्यास अपुरे पडू शकते.

घनता. पारदर्शिकेचे काळे भाग अतिशय घन असतात. घनता ३ म्हणजे उजेडाचा हजारावा भाग पार जातो, घनता ३.६ म्हणजे सुमारे चार हजारावा. साधा स्कॅनर एवढ्या क्षीण उजेडातील फरक ओळखू शकत नाही व सावलीच्या जागी सपाट काळा वा दाणेदार गोंधळ दाखवतो. तोच भाग उजेडपेटीवर भिंगातून पाहिल्यास तेथे कातळाच्या भेगा दिसू शकतात.

रंग. ठरावीक रंगांचे मानक चौकोन असलेली आयटी-८ पट्टी स्कॅन करून स्कॅनरची रंगनोंद जुळवता येते. ही पट्टी शक्यतो त्याच प्रकारच्या फिल्मवरील असावी लागते. कोडॅक्रोमसाठी वेगळी जुळवणी लागते, अन्यथा तिच्या चित्रांवर निळसर झाक येते.

धूळ. अनेक स्कॅनर अवरक्त किरणांच्या साहाय्याने धूळ व ओरखडे ओळखून पुसतात. रंगद्रव्यांतून हे किरण पार जातात, धुळीमुळे मात्र अडतात, हे त्यामागील तत्त्व आहे. कोडॅक्रोमच्या बाबतीत ते नीट चालत नाही आणि चांदी असलेल्या कृष्णधवल फिल्मवर निरुपयोगी ठरते. धूळ समजून खरे बारकावे पुसले जाण्याचा संभव असतो. म्हणून आधी हवेच्या फुग्याने व मऊ ब्रशने धूळ झटकणे श्रेयस्कर.

मूळ नोंद आणि प्रत. स्कॅनरमधून आलेली, काहीही बदल न केलेली टिफ फाइल मूळ नोंद म्हणून वेगळी ठेवली जाते. रंगदुरुस्ती, कातरणे, धार वाढवणे हे सर्व तिच्या प्रतीवर केले जाते. मूळ फाइलच्या किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचा संकेत आहे. स्कॅन झाल्यावरही मूळ पारदर्शिका टाकून दिली जात नाही, कारण पुढे अधिक चांगल्या साधनाने ती पुन्हा स्कॅन करता येते.

नोंदी

पारदर्शिकेवर चित्र घेतल्याची तारीख आपोआप नोंदली जात नाही. काही कंपन्यांच्या चौकटींवर महिना व वर्ष छापलेले असते, पण ते फिल्म धुतल्याचे असते. पावसाळ्यात घेतलेले चित्र दिवाळीनंतर धुतले गेले असेल, तर छापील महिना ऋतूबाबत दिशाभूल करतो. चौकटीवरील हस्ताक्षर, डब्यातील क्रमांक, प्रवासाची वही आणि त्या सहलीतील माणसांच्या आठवणी यांवरून तारीख ठरवावी लागते. अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच लिहावा लागतो.

चांगल्या नोंदीत पाडा, गाव, तालुका व जिल्हा, कॅमेऱ्याची दिशा, ऋतू, फिल्मचे नाव, स्कॅनचे विभेदन आणि केलेले बदल यांचा उल्लेख असतो. नुसते ‘जव्हारजवळील धबधबा’ असे लिहिल्यास पुढे ते चित्र कोणत्याही धबधब्याचे ठरू शकते. पाड्याचे नाव स्थानिक उच्चारानुसार लिहिणे विशेष महत्त्वाचे आहे.

प्रदर्शन आणि समीक्षा

सलॉन पद्धतीत पारदर्शिका पडद्यावर काही क्षण दाखवली जाते, परीक्षक गुण देतात आणि गुणांच्या बेरजेवर निवड ठरते. या पद्धतीत शेकडो चित्रे थोड्या वेळात पाहता येतात. मात्र पहिल्या दृष्टिक्षेपात ठसणारी चित्रे, म्हणजे भडक रंग, प्रतिबिंबे, सूर्यास्त, तिच्यात पुढे जातात. संथपणे उलगडणारे चित्र मागे पडते. छायाचित्रण मंडळांच्या बैठकींतील चर्चेत चित्र अधिक काळ समोर राहते आणि कारणांसह बोलता येते.

निसर्गदृश्याच्या समीक्षेचे साधारण चार टप्पे सांगता येतात. पहिला टप्पा वर्णनाचा. चित्रात काय आहे ते मत न देता सांगायचे. दुसरा तंत्राचा, म्हणजे उद्भासन, नेमकेपणा व रंग पाहण्याचा. तिसरा रचनेचा. त्यात क्षितिज कोठे ठेवले आहे, अग्रभाग व दूरचा डोंगर यांचे नाते काय आहे, नजर कोठून शिरते व कोठे थांबते, हे तपासले जाते. चौथा टप्पा आशयाचा, म्हणजे हे चित्र त्या जागेविषयी काय सांगते आणि ते खरे आहे का, हे विचारण्याचा.

स्कॅन केलेल्या चित्राबाबत दुसऱ्या टप्प्यावर एक जादा प्रश्न येतो, तो म्हणजे दोष कोणाचा. उदाहरणादाखल पावसाळ्यातील दाभोसा धबधब्याचे एक चित्र कल्पावे. कातळ निव्वळ काळा आहे, पाण्याचा मधला पट्टा कोरा आहे, सावलीत निळसर झाक आहे आणि झाडी अतिशय हिरवी आहे. यांपैकी कोरा पट्टा बहुधा छायाचित्रकाराच्या उद्भासनाचा परिणाम असतो. पारदर्शिकेतच तेथे काही नसेल तर कोणताही स्कॅनर ते आणू शकत नाही. काळा कातळ स्कॅनरच्या मर्यादेमुळे आलेला असू शकतो. निळसर झाक ही ढगाळ उजेडाची खरी नोंद असेल किंवा चुकीच्या जुळवणीची. अतिहिरवा रंग फिल्मचा, दीर्घ उद्भासनाचा किंवा नंतर संगणकावर वाढवलेला असू शकतो. मूळ पारदर्शिका उजेडपेटीवर पाहिल्याशिवाय यांपैकी बहुतेक प्रश्न सुटत नाहीत. ती उपलब्ध नसेल तर किमान बदल न केलेला स्कॅन पाहावा लागतो. या तपासणीविना दिलेला शेरा छायाचित्रकाराला स्कॅनरच्या चुकीबद्दल दोषी ठरवतो किंवा संगणकाच्या कामगिरीचे श्रेय त्याला देतो.

उपयुक्त शेरा नेमका असतो. ‘छान’ किंवा ‘मजा नाही’ यातून काही शिकता येत नाही. ‘खालचा रिकामा खडक चित्राचा तिसरा हिस्सा व्यापतो, कॅमेरा थोडा वर वळवला असता तर दरीची खोली दिसली असती’ असे म्हटले तर पुढच्या खेपेस काय करावे हे कळते. जुन्या पारदर्शिकांबाबत मात्र पुढची खेप नसते. दरी असेल, पण तो दिवस परत येत नाही. म्हणून त्यांच्या समीक्षेत ‘कसे घ्यायला हवे होते’ यापेक्षा ‘यातून काय वाचता येते’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. रचनेत कमकुवत चित्रही नोंद म्हणून मोलाचे असू शकते.

पुनर्छायाचित्रण

जुन्या चित्राच्या नेमक्या जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपण्यास पुनर्छायाचित्रण म्हणतात. आल्प्स पर्वतातील हिमनद्यांच्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही पद्धत वापरली जात आहे. अमेरिकेत मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात पश्चिमेकडील प्रदेशाच्या जुन्या सर्वेक्षणचित्रांच्या जागी जाऊन असे काम केले.

जव्हार-मोखाडा परिसरात या पद्धतीला ठोस विषय आहेत. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे २०१२ मध्ये बांधून पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे १०२ मीटर आहे. त्याच्या जलाशयाने वैतरणेच्या खोऱ्याचा काही भाग व्यापला आहे. त्या भागाची धरणापूर्वीची चित्रे आता पुन्हा घेता येणार नाहीत. वनआच्छादन, खाचरांची वाढ, रस्ते, कौलारू व कुडाच्या घरांच्या जागी आलेली पक्की घरे यांतील बदलही अशा जोडचित्रांतून दिसू शकतात. तुलना खरी होण्यासाठी ऋतू व दिवसाची वेळ सारखी असावी लागते. मे महिन्यातील जुने चित्र आणि ऑगस्टमधील नवे चित्र शेजारी ठेवल्यास ओसाड डोंगर हिरवा झाल्याचा खोटा पुरावा तयार होतो.

प्रतिमा आणि वास्तव

या परिसराच्या दोन ठळक प्रतिमा जनमानसात आहेत. पहिली धबधब्यांच्या हिरव्या प्रदेशाची, शहरी पर्यटकांच्या पावसाळी सहलींतून घडलेली. दुसरी कुपोषणाची. १९९० च्या दशकाच्या आरंभी जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा भाग राज्यभर चर्चेत आला आणि वृत्तपत्रीय छायाचित्रांतून ती प्रतिमा रुजली. दोन्ही प्रतिमा घटनांवर आधारलेल्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिलीत माणसे नसतात, दुसरीत भूप्रदेश नसतो.

वैतरणेच्या खोऱ्यातील पाणी महानगराला पुरवले जात असताना मोखाड्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. पाऊस भरपूर पडतो, पण तीव्र उतार व बेसाल्टच्या थरांची कमी जलधारणा यांमुळे तो वाहून जातो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात. पर्यटकांच्या पावसाळी चित्रांत यांपैकी काहीच दिसत नाही. असे चित्र खोटे नसते, पण वर्षातील चार महिन्यांचे दृश्य संपूर्ण वर्षाचे म्हणून मांडले गेले तर ते दिशाभूल करते. चित्राखाली महिना व वर्ष लिहिणे हा त्यावरील सर्वांत साधा उपाय आहे. संग्रह करणाऱ्याने एकाच जागेची चारही ऋतूंतील चित्रे शेजारी ठेवल्यास त्यातून भूप्रदेशाचे अधिक प्रामाणिक दर्शन घडते.

दृश्यात माणसे येत असतील तर त्यांची संमती घेणे, पाणवठ्यावरील स्त्रियांची व लहान मुलांची चित्रे न विचारता न घेणे, देवस्थाने व धार्मिक विधींबाबत गावाचा संकेत पाळणे, पिकात न शिरणे हे छायाचित्रणाचे सामान्य शिष्टाचार येथेही लागू होतात. जुन्या पारदर्शिकांतील व्यक्तींची ओळख स्थानिक लोकांच्या मदतीने पटवता येते. मात्र ती प्रसिद्ध करावी की नाही, याबाबत त्या कुटुंबाचे मत विचारात घेणे योग्य ठरते.

हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांचे हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. पारदर्शिका एखाद्याच्या ताब्यात असल्याने तिचे कॉपीराइट त्याला मिळत नाही, तसेच ती स्कॅन केल्याने छायाचित्रकाराचा हक्क स्कॅन करणाऱ्याकडे जात नाही. त्यामुळे वारशाने मिळालेला अथवा जुन्या बाजारात विकत घेतलेला संग्रह प्रसिद्ध करण्यापूर्वी मूळ छायाचित्रकाराचे वा त्याच्या वारसांचे अधिकार तपासावे लागतात. हक्कधारकाने क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या खुल्या परवान्याखाली चित्रे दिल्यास ती शिक्षण व संशोधनासाठी परवान्याच्या अटींनुसार वापरता येतात. अशा वेळी छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे ठिकाण व तारीख, आणि स्कॅन करणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे नोंदवले जाते.